धड नाही, खरं गोड आहे

दिवाळी अंकात सिनेमावर लिहायचे म्हटले की सत्यजित राय, कुरोसावा, बर्गमन अशी भारदस्त नावे आपोआप लेखणीवर येतात. वाचकांचीही तीच अपेक्षा असते. मी मात्र यंदा एका धड नसलेल्या सिनेमाबद्दल लिहिणार आहे. 'लव्ह ॲट फर्स्ट बाइट' हे त्याचे नाव. १९७९ सालचा अमेरिकन विनोदी सिनेमा, आणि नायक कोण, तर रक्त पिऊन जगणारा काउंट ड्रॅक्युला. पहिल्या नजरेतल्या प्रेमाला इंग्रजीत 'लव्ह ॲट फर्स्ट साइट' म्हणतात. त्यातल्या 'साइट'चा 'बाइट' केला, म्हणजे पहिल्या चाव्यातले प्रेम. विनोदाची पातळी नावातच कळते, तेव्हा कोणाची फसवणूक होण्याचा प्रश्न नाही.

या सिनेमाशी माझी गाठ पडली ती १९८८ सालच्या कोजागरीला, शहापुरातल्या आमच्या जुन्या वाड्यात. त्या काळी रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने आणायची पद्धत होती. वर्गणी काढायची, सोप्यात सतरंज्या अंथरायच्या आणि पहाटेपर्यंत पाहायचे. आमच्या तीन कॅसेटींचा हिशोबही ठरलेला असे : एक मराठी, एक कन्नड आणि एक मुलांच्या हट्टासाठी इंग्रजी. त्या रात्री मराठी 'धूमधडाका' होता, शेजारच्या अक्कांसाठी राजकुमारांचा एक कन्नड सिनेमा होता, आणि इंग्रजी म्हणून दुकानदाराने 'भुताचा हाय बघा, लई भारी' असे सांगून ही कॅसेट हाती दिली होती. भुताचा म्हणून आत्या आधी आत जाऊन बसली. पाच मिनिटांत बाहेर हसण्याचा गलका ऐकून परत आली, ती शेवटपर्यंत हलली नाही.

सिनेमा संपल्यावर दुधाचा शेवटचा पेला रिकामा करत आत्याने निकाल दिला, "सिनेमा काय धड नाही, खरं गोड आहे."

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी एक खुलासा करतो. आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. 'येणार होतो खरं पाऊस लागला' हे आमचे रोजचे बोलणे. आत्याच्या त्या वाक्यात या सिनेमाची पुरी समीक्षा आली, असे मला आज वाटते. तरीही लेख लिहितो आहे, कारण तिच्या वाक्यातला 'गोड' हा शब्द मला पुष्कळ वर्षे सलत होता. तो का सलत होता, ते पुढे सांगतो.

आधी कथा सांगतो. रुमानियात, ट्रान्सिल्व्हानियाच्या डोंगरात, आपल्या वडिलोपार्जित किल्ल्यात काउंट ड्रॅक्युला एकटा राहतो आहे. १९३१ सालच्या प्रसिद्ध 'ड्रॅक्युला'त लांडग्यांचे ओरडणे ऐकून काउंट त्याला संगीत म्हणतो. इथे लांडगे ओरडू लागताच काउंट वैतागून त्यांना गप्प बसायला सांगतो. (शेजारच्या अक्कांच्या यजमानांनी याचे तत्काळ कन्नड केले, "सुम्म कुंद्रो!" आणि सोपा हसून कोसळला.) एवढ्यात सरकारी माणसे येऊन दारात उभी राहतात. राजवट कम्युनिस्ट आहे, आणि किल्ला कसरतपटूंच्या प्रशिक्षणासाठी ताब्यात घ्यायचा ठरला आहे. १९७६च्या ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीने पैकीच्या पैकी गुण मिळवून जग थक्क केले होते, त्याची ही थट्टा. ज्याच्या नावाने शतकानुशतके मुलुख कापला, तो बिचारा शवपेटी आणि एक नोकर घेऊन देशोधडीला लागतो.

तो जातो न्यूयॉर्कला. तिथे सिंडी नावाची एक फॅशन मॉडेल आहे. मासिकांतले तिचे फोटो पाहून काउंटची खात्री पटली आहे, की हाच आपल्या जुन्या प्रेयसीचा पुनर्जन्म. 'मधुमती' पाहिलेल्या आमच्या मंडळींना हे लगेच पटले, अमेरिकनांना कसे पटले कोण जाणे. विमानतळावर शवपेट्यांची अदलाबदल होते आणि काउंट भलत्याच अंत्यविधीत उठून बसतो. सिंडीचा मानसोपचारतज्ज्ञ आणि अर्धामुर्धा प्रियकर डॉक्टर रोझेनबर्ग हा ड्रॅक्युलाच्या जुन्या शत्रूचा, व्हॅन हेल्सिंगचा नातू निघतो. धंद्याच्या सोयीसाठी त्याने आडनाव बदलले आहे. तो आरसा दाखवतो, लसूण दाखवतो, क्रूसाऐवजी ज्यूंचा षट्कोनी तारा काढून दाखवतो, काउंटच्या पेटीला आग लावतो, अखेर चांदीच्या तीन गोळ्या झाडतो. काउंट त्याला शांतपणे समजावून सांगतो, की चांदीच्या गोळ्या लांडगामाणसांसाठी असतात. शेवटी वेड्यांच्या इस्पितळात रवानगी होते ती डॉक्टरचीच. शहरातले दिवे जातात, विमानतळापर्यंत पाठलाग होतो, आणि काउंट व सिंडी वटवाघळे होऊन जमैकाच्या दिशेने उडून जातात. वरून तरंगत एक चेक खाली येतो. सिंडीने इतक्या वर्षांच्या उपचारांचे पैसे चुकते केलेले असतात. "पोरीनं बिल तरी बुडवलं नाही," आत्या म्हणाली.

आता दोष सांगतो. सिनेमा स्वस्तातला आहे आणि तसा दिसतो. तीस लाख डॉलर म्हणजे आपल्या मानाने डोंगर असला तरी हॉलिवुडच्या हिशोबात ही किरकोळ रक्कम. काढणारी कंपनी अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स, म्हणजे मोटारीत बसून पाहायच्या उघड्यावरच्या थिएटरांसाठी स्वस्त आणि झटपट सिनेमे काढण्यात जिची हयात गेली ती. किल्ला पाहताना प्लायवुडचा वास यावा अशी अवस्था. वटवाघळे कोणाला खरी वाटणार नाहीत, वाटावीत असा आग्रहही दिसत नाही. दिग्दर्शक स्टॅन ड्रॅगोटी जाहिरातींच्या क्षेत्रातून आलेला, त्यामुळे प्रसंग तुकड्यातुकड्यांनी चमकतात आणि मधली शिवण उसवलेली राहते. पहिल्या अर्ध्या तासातली भट्टी पुढे टिकत नाही. तोच विनोद दोनदा, कधी तिनदा येतो. पोलीस अधिकारी आल्यापासून तर लेखकाला शेवट कसा करावा हे सुचेपर्यंत सगळे नुसते धावत आहेत असे वाटते. ड्रॅक्युला झालेला जॉर्ज हॅमिल्टन हा उन्हात रापलेल्या कातडीसाठी हॉलिवुडभर प्रसिद्ध असलेला नट. ज्याला सूर्यकिरण लागले तर राख व्हायची, त्याच्या भूमिकेसाठी असा नट! हा विनोद समजावा की निवडीतला घोटाळा, असा प्रश्न पडतो. निर्मितीत त्याचाही वाटा होता, तेव्हा विनोदच समजू.

वाईट सिनेमांना हसण्याची एक रीत पाश्चात्त्यांकडे चांगलीच रुजलेली आहे. सुझन साँटॅग यांनी १९६४ साली 'कॅम्प' या अभिरुचीवर निबंध लिहून तिला प्रतिष्ठा दिली. जे अति आहे, नाटकी आहे, फसलेले आहे, त्यातच रस घेणारी ही अभिरुची. साँटॅग यांच्या लेखी तिच्या मुळाशी जिव्हाळा होता. पुढे मात्र जिव्हाळा कमी होऊन उपहास वाढला. १९८० साली अमेरिकेत मेडवेड बंधूंनी आजवरच्या सर्वांत वाईट सिनेमांवर पुस्तक काढले. त्यात पहिला मान मिळाला तो एड वुडच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'ला. ती निवड मला खुपते, आणि तिचा ड्रॅक्युलाशी थेट संबंध आहे.

कारण १९३१चा तो मूळ ड्रॅक्युला, बेला लुगोशी, पडद्यावर शेवटचा दिसतो तो याच सिनेमात. १९५६ साली तो वारला, तेव्हा वुडजवळ त्याची काही मूक दृश्येच होती. उरलेले काम दुसऱ्याच माणसाला अंगरखा पांघरून, तोंड झाकून करायला लावले. लुगोशीहून तो अंगापिंडाने वेगळा, हे कोणाही प्रेक्षकाला कळते. लोक तिथे खदखदून हसतात. मीही हसलो आहे. पण एका म्हाताऱ्या, थकलेल्या, कामावाचून राहिलेल्या नटाच्या शेवटच्या चित्रांवर आपण हसतो आहोत, हे ध्यानात आले की हसू अर्ध्यावर थांबते.

हा लुगोशी कुठला, तर लुगोशचा. हंगेरियन भाषेत गावाच्या नावाला 'इ' लावला की 'त्या गावचा' असा अर्थ होतो. म्हणजे लुगोशी हे आपल्या भाषेत सरळ 'लुगोशकर'! त्याचे मूळ नाव बेला ब्लाश्को. १८८२ साली तो जन्मला तेव्हा लुगोश हंगेरीच्या राज्यात होते. हंगेरियन, रुमानियन, जर्मन अशा तीन भाषा त्या गावाच्या बाजारात चालत. पहिल्या महायुद्धानंतर, १९२०च्या तहाने, सरहद्द सरकली आणि लुगोश रुमानियात गेले. आज त्याचे नाव लुगोज असे आहे. नट तोवर अमेरिकेच्या वाटेला लागला होता. गावाने देश बदलला, गावाचे नाव बदलले, आणि जुने नाव तेवढे एका नटाच्या आडनावात जगभर फिरत राहिले. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्या माणसांना यातले काही वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

अमेरिकेत आल्यावर त्याचे इंग्रजी कच्चे होते. सुरुवातीच्या एका नाटकातले संवाद त्याने नुसत्या उच्चारावरून पाठ केले, असे सांगतात. प्रत्येक शब्द वेगळा काढून, वजन देऊन, मध्ये थांबत तो बोले. १९२७ साली ब्रॉडवेवर आणि मग १९३१ साली पडद्यावर तो ड्रॅक्युला झाला, आणि त्याच्या तोंडची ती हंगेरियन वळणाची इंग्रजी भाषा ही ड्रॅक्युलाचीच भाषा ठरून गेली. त्यानंतर ज्याला ज्याला ड्रॅक्युलाची नक्कल करायची, त्याने लुगोशीसारखे बोलायचे. त्याच्या वाट्याला मात्र पुढे त्याच ठशाच्या भूमिका येत राहिल्या. या उच्चारांचा माणूस शेजारी, वकील किंवा कोणाचा बाप असू शकतो, असे हॉलिवुडला फारसे वाटले नाही.

मूळ कादंबरीतही ही गोष्ट आहे. ब्रॅम स्टोकर हा डब्लिनचा, लंडनमध्ये स्थिरावलेला आयरिश माणूस. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कादंबरीत काउंट लंडनला जाण्यापूर्वी पाहुण्या इंग्रज वकिलाला एक विनंती करतो : माझ्याशी बोलत राहा, माझे उच्चार चुकले तर सांगा. पुस्तकांतून इंग्रजी शिकलेल्या त्या सरदाराला भीती वाटते ती क्रूसाची नाही. लंडनच्या रस्त्यात तोंड उघडताच आपण परके म्हणून ओळखले जाऊ, याची त्याला धास्ती आहे. बरोबर तो मायदेशाच्या मातीने भरलेली पन्नास खोकी नेतो. त्या मातीवाचून त्याला विश्रांती नाही. माती बरोबर नेता येते, पण उच्चार मागे टाकता येत नाहीत.

आता आमच्या सोप्याकडे परत येतो. कॅसेटला भाषांतराच्या ओळी नव्हत्या. काकांची सारी नोकरी कॅम्पात गेलेली, म्हणून मराठी भाषांतराचे काम त्यांच्याकडे. अक्कांचे यजमान कन्नडचे बघत. न्यूयॉर्क आल्याबरोबर दोघेही गडबडले. डॉक्टर, मॉडेल, टॅक्सीवाला, सगळे इतके भरभर आणि नाकात बोलत, की काका नुसते "काहीतरी भांडण लागलंय" एवढेच सांगू लागले. मग ड्रॅक्युला बोलू लागला की सोपा शांत होई. त्याचा प्रत्येक शब्द सुटा, स्पष्ट, सावकाश. काकांच्या आधीच पोरे अर्थ सांगू लागत. आत्या शाळेत इंग्रजी दुसरीपर्यंत गेलेली. ती मध्येच म्हणाली, "ह्याचंच तेवढं कळालंय बघ. आपल्यासारखं बोलालाय."

मला त्या वेळी नुसते हसू आले. पुढे ते वाक्य कधी विसरलो नाही. अमेरिकन प्रेक्षकाला त्या सिनेमात सगळे कळत होते आणि ड्रॅक्युला तेवढा विचित्र वाटत होता. आम्हाला सगळे विचित्र वाटत होते आणि ड्रॅक्युला तेवढा आपला. तिसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकलेल्या माणसाचे इंग्रजी आम्ही ओळखले, इतकेच.

'गोड' शब्दाचे शल्य इथेच सांगून टाकतो. एम.ए.साठी मी पुण्याला होतो. एका चर्चासत्रात निबंध वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरे झाली. लिहिलेले मराठी मी नीट सांभाळले होते. पण उत्तरे देताना सवयीने 'खरं' आला, एकदा नव्हे, चार-पाचदा. मागच्या बाकांवर खसखस पिकली. अध्यक्षस्थानी बसलेले गृहस्थ वयाने आणि मानाने मोठे होते. समारोपात ते हसून म्हणाले, "यांच्या मुद्द्यांबद्दल नंतर बोलू, पण यांचं मराठी फार गोड आहे." त्यांनी मुद्द्यांबद्दल नंतर काही बोलले नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी आज मान्य करतो. पण त्या एका शब्दाने मी विद्यार्थ्याचा नमुना झालो. पुढे दोन वर्षे मी 'खरं' गिळून 'पण' म्हणत राहिलो. उलट बाजूही सांगायला हवी. धारवाडला गेलो की माझ्या कन्नडवर तिथले मित्र असेच गालात हसत. आपल्या भागातल्या प्रत्येक घरात असा एखादा प्रसंग असतो. दोन भाषा येणाऱ्या माणसाला दोन्हीकडे पाहुणा समजतात.

या अनुभवानंतर 'गोड' म्हटले की मी सावध होतो. म्हणूनच आत्याच्या तोंडून तोच शब्द ऐकला तेव्हा आत कुठेतरी टोचला. फरक कळायला वेळ लागला. वरच्या पायरीवर उभे राहून म्हटलेला 'गोड' निराळा, आणि सतरंजीवर शेजारी बसून म्हटलेला 'गोड' निराळा. पहिल्यात ऐकणाऱ्याचे बोलणे बाजूला पडते आणि उच्चार उरतात. दुसऱ्यात दोष दिसत असतात, ते तोंडावर सांगितलेही जातात, तरी माणूस आपलाच राहतो. वाईट सिनेमा पाहून हसण्याच्याही याच दोन जाती आहेत. 'प्लॅन नाइन'ला बक्षीस देणारे हसणे पहिल्या जातीचे. 'लव्ह ॲट फर्स्ट बाइट' दुसऱ्या जातीचे हसू मागतो, आणि बहुतेक वेळ ते मिळवतो.

तो ते कसे मिळवतो, हे पाहण्यासारखे आहे. हॅमिल्टनने लुगोशीचे उच्चार जसेच्या तसे उचलले आहेत. नक्कल म्हटली की नकलेला माणूस लहान होतो. इथे उलटे घडते. या सिनेमात काउंटचा उच्चार एकदाही सुधारत नाही आणि तो त्याबद्दल एकदाही ओशाळत नाही. त्याचे अदबशीर वागणे, स्त्रीपुढे वाकणे, संध्याकाळचा पोशाख, सारे शंभर वर्षे मागे राहिलेले आहे. भोवतालचे शहर त्याला खुळ्यात काढते. पण प्रसंगागणिक लक्षात येते, की खुळे शहर आहे. १९७५ साली दिवाळखोरीच्या काठावर पोहोचलेले, १९७७च्या जुलैत एक अख्खी रात्र अंधारात काढून लुटालूट पाहिलेले ते न्यूयॉर्क. तिथे प्रत्येक जण दुसऱ्याचे रक्त पितोच आहे, एकट्या काउंटची तेवढी बदनामी. सिंडी गोळ्या खाऊन दिवस ढकलते, तिचा डॉक्टर तिच्यावर उपचारही करतो, प्रेमही करतो आणि बिलही लावतो. या सगळ्यांत दिलेल्या शब्दाला जागणारा एकटा तो दात असलेला पाहुणा.

नाचाचा एक प्रसंग आहे. डिस्कोच्या लखलखाटात काळ्या अंगरख्यातला काउंट आणि सिंडी नाचतात. प्रसंग ओढूनताणून आणलेला, त्या वर्षीच्या फॅशनसाठी घातलेला. पण हॅमिल्टन तो असा गंभीरपणे नाचतो, की त्याची थट्टा करायचे आपल्याला सुचत नाही. हास्यनटाने आपल्या पात्राला हसायचे नसते. १९४८ साली ॲबट-कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या सिनेमात लुगोशी पुन्हा ड्रॅक्युला झाला होता. भोवती दोघे धिंगाणा घालत असताना तो मात्र पहिल्याइतक्याच मानाने वावरतो. हॅमिल्टनने लुगोशीकडून उच्चारांबरोबर ही गोष्टही घेतली आहे. नोकर रेनफिल्ड झालेल्या आर्ट जॉन्सननेही १९३१च्या ड्वाइट फ्रायचे ते भेसूर हसणे प्रेमाने उचलले आहे. नक्कल आहे, पण नमस्कार करून केलेली.

परंतु हा सिनेमा एका ठिकाणी शब्द मोडतो, आणि ते झाकून ठेवणे बरे नाही. काउंटची शवपेटी चुकून हार्लेममधल्या काळ्या लोकांच्या अंत्यविधीत जाते. तिथले विनोद, आणि पुढेही न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या माणसांवरचे विनोद, ठरावीक साच्याचे आहेत. हे लोक भित्रे, हावरे, गडबडे, एवढेच. शेर्मन हेम्सली आणि इझाबेल सॅनफर्ड यांच्यासारखे कसलेले नट असूनही त्यांना वरवरचेच काम दिले आहे. एका परक्या माणसाच्या शेजारी बसलेला सिनेमा दुसऱ्या परक्यांच्या बाबतीत मात्र मागच्या बाकावर जाऊन खसखसतो. १९८८ साली आम्ही तिथेही हसलो होतो. आज ते हसू मला परत घ्यावेसे वाटते. ज्यांच्या बोलण्यावर लोक हसले आहेत, त्यांनी तरी हे ओळखायला हवे.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. रामसे बंधूंचा 'बंद दरवाजा' १९९० साली आला. ड्रॅक्युलाचा तो आपला देशी अवतार : काळी पहाडी, वटवाघूळ, रक्त, आणि नेवला झालेला उंचापुरा अजय अगरवाल. कागलच्या घाटगे घराण्यातले विजयेंद्र घाटगे त्यात ठाकूर होते, म्हणून आमच्या भागात त्याचे जरा अप्रूप. तो विनोदी नव्हे, पण थिएटरात हशा कमी पडला नाही. रामसे हे सात भाऊ. फाळणीत कराचीहून उठून मुंबईत आलेले त्यांचे वडील रेडिओच्या दुकानदारीतून सिनेमात शिरले. एक भाऊ पटकथा पाही, एक कॅमेरा, एक ध्वनी, एक संकलन, दोघे दिग्दर्शन. घरच्या घरी भूत तयार होई. हे कळल्यावर त्या रबरी चेहऱ्यांकडे पाहण्याची माझी नजर बदलली. घरातल्या सगळ्यांनी मिळून केलेले, थोडे करपलेले पक्वान्न आपण जसे खातो, तसे ते सिनेमे मी आता पाहतो. करपले आहे हे म्हणायचे, आणि वाटी पुढेही करायची.

१९७९ साली ड्रॅक्युलाचे तीन सिनेमे आले. फ्रँक लँजेला नायक असलेला जॉन बॅडहॅमचा 'ड्रॅक्युला' मोठ्या कंपनीचा, खर्चिक, देखणा. वर्नर हेर्झोगचा 'नोस्फेराटू' कलावंताच्या हातचा, आणि दोन भाषांत, जर्मन व इंग्रजीत, चित्रित केलेला. तिसरा हा आपला. गुणांच्या यादीत हेर्झोग पहिला, यात वाद नाही. तो पाहून मी दोन दिवस बोललो नव्हतो. अमेरिकेतल्या कमाईत मात्र या स्वस्तातल्या तिसऱ्याने बॅडहॅमच्या श्रीमंत ड्रॅक्युलाला मागे टाकले. कमाई हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. पण लोकांना घाबरवणाऱ्या काउंटपेक्षा घाबरलेला, बेघर काउंट जवळचा वाटला, एवढे त्यातून दिसते.

गेल्या उन्हाळ्यात लेक बेंगळुरूहून आली होती. तिच्या लॅपटॉपवर हा सिनेमा मी पुन्हा पाहिला. या वेळी खाली इंग्रजी ओळी होत्या, सगळे कळत होते. दोष पूर्वीपेक्षा जास्त दिसले. मध्यंतरानंतर तर लेक फोन पाहू लागली. कार्यालयात ती दिवसभर इंग्रजी बोलते, घरी मराठी, रिक्षावाल्याशी कन्नड. एका ठिकाणी ड्रॅक्युला बोलत असताना तिने मान वर केली आणि म्हणाली, "बाबा, ओळी बंद करा की. ह्याचं कळतंय."

मी तिला आत्याचे वाक्य सांगितले. आत्या आता नाही. वाडाही नाही, तिथे तीन मजली इमारत उभी आहे. सिनेमा संपेपर्यंत मग लेकीने फोन बाजूला ठेवला. चेक तरंगत खाली आला तेव्हा दोघेही हसलो.

वाचकांना माझी शिफारस अशी. हा सिनेमा एकट्याने पाहू नका, आणि त्याच्याकडून कलेची अपेक्षा करू नका. घरात चार माणसे असताना, एखाद्याला इंग्रजी कमी येत असेल तर फारच उत्तम, त्याला मध्ये बसवून पाहा. हार्लेमचा भाग आला की मुलांना दोन शब्द सांगा. बाकी ठिकाणी मनमोकळे हसा. आणि कोणी विचारलेच कसा आहे म्हणून, तर आमच्या आत्याचे उत्तर वापरायला हरकत नाही. मी हल्ली पुण्यातही तसेच सांगतो, 'खरं' न गिळता.